पान आणि साल: अनोळखी वृक्षाची ओळख

थंडी सोसणारे आशियाई वृक्ष ओळखताना पानाच्या आकारापेक्षा फांदीवरील पानांची मांडणी अधिक विश्वासार्ह ठरते. मध्य चीनमध्ये वाढणाऱ्या 'डेव्हिड मेपल'चे पान मेपलच्या परिचित पंजासारखे नसून बहुधा अखंड असते. तरीही पाने समोरासमोर, म्हणजे एकाच पेरावर जोडीने येतात आणि हिरवट सालीवर पांढऱ्या उभ्या रेषा उमटतात, त्यामुळे त्याचे कूळ लपत नाही. हिमालयातील भूर्जाची पाने मात्र एकाआड एक असतात, आणि त्याच्या फिकट सालीवरील आडव्या रेघा म्हणजे वल्करंध्रे, अर्थात खोडाला हवा पुरवणारी छिद्रे होत. पातळ पापुद्र्यांनी सुटणाऱ्या याच सालीवर काश्मीरमधील जुनी हस्तलिखिते लिहिली गेली. वयानुसार साल पालटते, म्हणून खोड आणि कोवळी फांदी दोन्ही पाहिल्याशिवाय नाव निश्चित करू नये.