परदेशी कामाला जाताना

नेसरीहून गोव्याला जायचे तर एस.टी.त बसले की झाले. १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते, तेव्हा असे नव्हते. दुबई, मस्कत, कुवेत हे तर आजही परके मुलूख. तिथे पासपोर्ट लागतो, शिवाय त्या देशाचा परवाना, म्हणजे व्हिसा लागतो.

आपल्यापैकी जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टावर बहुधा 'ई.सी.आर.' ही अक्षरे असतात. अशाला तिथे कामाला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कटकट वाटते खरी. पण काम कोणते, पगार किती, मालक कोण, हे त्यात कागदावर तपासले जाते. एखादा एजंट म्हणतो, "फिरायच्या व्हिसावर चला, पुढचं मी बघतो." आम्ही म्हणतो, मुळीच जाऊ नका. त्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. एजंटाचे सरकारी लायसन बघायला मागा. करार स्वतः वाचा, आता वाचता येते ना! त्याची नि पासपोर्टाची एकेक नक्कल घरी ठेवून जा.