रात्रीची लाईट, हातातली बॅटरी

वणी-दिंडोरी पट्ट्यात बॅटरी घरोघरी खुंटीला लागली ती विहिरींवर विजेच्या मोटरी बसल्यावर. कंदील आधीपासून होताच, पण वाऱ्यात बांधावरून चालताना तो फडफडायचा आणि त्याचा उजेड आपल्याच डोळ्यांवर यायचा. मोटरीला तीन फेजची लाईट लागते आणि शेतीला ती पाळीने मिळत आली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की झोपेतून उठून मळ्यात जायचं, स्टार्टर दाबायचा, वाफे भरायचे. शेतकऱ्याला विंचूकाट्याच्या वाटेवर लोटलं ते या पाळीनं. म्हणून इथल्या बॅटरीचा मागोवा लाईटच्या वेळापत्रकावरूनच घ्यावा लागतो.

सुरुवातीची बॅटरी पितळी नाहीतर पत्र्याची, दोन किंवा तीन सेलची. एव्हरेडी आणि अलाहाबादची जीप ही त्यातली ओळखीची नावं. मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवलेला असायचा. तो तारेचा, पिवळ्या उजेडाचा; सेलमधली बहुतेक वीज त्याच्या उष्णतेतच जायची. सेल उतरले की लोक ते उन्हात ठेवायचे, आणि त्यात तथ्य होतं. ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया थोडा वेग घेते आणि मरायला टेकलेला सेल आणखी थोडा वेळ काढतो. पावसाळ्यात विसरलेले सेल मात्र पाझरायचे, जस्ताचं कवच खाल्लं जायचं आणि स्प्रिंगला किटण चढायचं. तरी बल्ब, काच, स्प्रिंग सगळं सुटं मिळायचं, घरीच बदलता यायचं. पुढच्या बॅटऱ्यांत हा गुण गेला, आणि मला तो फार मोठा तोटा वाटतो.

तारेच्या बल्बची जागा पुढे एलईडीने घेतली. १९९३ साली जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळा एलईडी बनवला. त्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की पांढरा उजेड मिळतो. या निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं. खेड्यातल्या कितीतरी खिशांत तो उजेड आधी फोनमधून आला. २००३ च्या नोकिया ११०० च्या टोकाला छोटा दिवा होता, आणि स्टार्टरची पेटी उघडायला तेवढा पुरायचा.

मग भारनियमनाची वर्षं आली आणि दुकानं चार्जिंगच्या प्लास्टिकच्या बॅटऱ्यांनी भरली. मागून दोन पिना काढायच्या, बोर्डात खोचायच्या. आत शिसं-आम्लाचा संच. तो रिकामा पडून राहिला की पत्र्यांवर सल्फेट धरतं आणि पुन्हा चार्ज घेत नाही. लाईटच नसलेल्या घरात तो रिकामा पडणार हे ठरलेलंच. स्वस्तात मिळालेली वस्तू हंगाम दोन हंगामांत कचऱ्यात जायची. गरजू माणसाची ती फसवणूकच होती.

आता लिथियमचे सेल आले आहेत. त्यातला सर्रास दिसणारा १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. खोक्यावर ल्युमेनचे भलेमोठे आकडे असतात, त्यांना भुलू नये. २००९ च्या एफएल-१ या अमेरिकी मानकात झोताचा पल्ला मोजतात तो उजेड पाव लक्सवर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उतरेपर्यंत. बॅटरी किती वेळ चालते हे मोजतात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे खोक्यावरचे सहा तास काही भर उजेडाचे नसतात.

मळ्यातल्या माणसाला दोन वेगळे उजेड लागतात. घोणस, मण्यार दिसायला पायाशी पसरणारा मऊ उजेड, आणि उसाच्या कडेला बिबट्याचे डोळे चमकतात का हे बघायला लांब झोत. नुसत्या लांब झोताची बॅटरी घेणारा पायाखालचं विसरतो. व्हॉल्व्ह फिरवताना, वायर जोडताना दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी मी सगळ्यात कामाची मानतो. चैत्रात ऊन टाळून रात्री सप्तशृंग गडाकडे चालणाऱ्यांनाही तीच सोयीची. सेल काढून बदलता येईल अशीच घ्यावी. पाण्यासाठी आयपी ६७ बघावं. तशी बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते. आणि जुन्या सवयीनं हा सेल कधीही उन्हात ठेवू नये. लिथियमचा सेल तापला की लवकर खराब होतो, फार तापला तर पेटतो.

२०१७ च्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीला दिवसा वीज देण्याचा. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. शेतकऱ्याची रात्रपाळी पूर्ण बंद व्हावी, असं मला मनापासून वाटतं. जिथे दिवसाची लाईट आली, तिथे खिशात मावणारी एक बॅटरी पुरे. जिथे अजून रात्री मोटर चालते, तिथे डोक्याला एक आणि हातात लांब झोताची दुसरी, दोन्ही असाव्यात, आणि दोन्हींचा सेल एकाच मापाचा असावा.