मागची स्प्रिंग आणि घरचीं माणसें

मोटारसायकलीची मागची स्प्रिंग हा कांहीं कुटुंबांतून वाचल्या जाणाऱ्या मासिकाचा विषय नव्हे, असें कोणी म्हणेल. वर्षापूर्वीं आमचेंही मत तेंच होतें. स्प्रिंगा, नट आणि बोल्ट मिस्त्रीनें पाहावे. गृहस्थानें फार तर पेट्रोलाचा हिशेब ठेवावा, अशी आमची समजूत होती. ती समजूत आमच्या काकूंच्या पाठीनें दूर केली. म्हणून जें घडलें, आणि त्यापासून आम्ही जें शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर वाशिंदजवळ. आगगाडी १८५५ सालीं कल्याणाहून वाशिंदपर्यंत आली, आणि १८६० सालीं आसनगांवचा मार्ग खुला होईपर्यंत वाशिंद हेंच या लोहमार्गाचें शेवटचें स्टेशन होतें. तेव्हांपासून या भागाचें आयुष्य गाडीच्या वेळेवर चालत आलें आहे. ती वेळ गांठण्याचें काम खेड्यापाड्यांतून आतां मोटारसायकलीकडे आलें आहे. आमच्या घरांत माणसें अकरा आणि मोटारसायकल एक. पहांटे ती थोरल्या पुतण्याला कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलसाठीं स्टेशनावर सोडून येते. दुपारीं तिच्यावर भाताचें पोतें गिरणीवर जातें. सायंकाळीं दळण, औषध आणि प्रसंगीं आजारी माणूसही तिच्यावरूनच येतें. पावसाळ्यांत भातसेच्या खोऱ्यांतले रस्ते कसे होतात, हें इकडच्या माणसास सांगावयास नको.

गेल्या वर्षीं श्रावणांत पुतण्या काकूंना एका नातलगांकडे मंगळागौरीस घेऊन चालला होता. वेग फार नव्हता. परंतु एका गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसून गेले होते, आणि गाडी त्यावरून उतरतांना मागून ‘ठक्’ असा आवाज झाला. काकू सवयीप्रमाणें हंसून म्हणाल्या, “अरे, ही गाडी कीं उखळ? आणि मी काय त्यांतले पोहे?” रात्रीं मात्र त्यांना कुशीवर वळवेना. क्ष-किरण चित्रांत कमरेचा एक मणका दबलेला दिसला. डॉक्टर म्हणाले, “हाडें ठिसूळ झालेल्या वयांत असा एकच दणका पुरतो.”

तो ‘ठक्’ आवाज पुतण्यास नवा नव्हता. सहा महिने तो तो ऐकत होता, आणि बोनस मिळाल्यावर पाहूं, म्हणून पुढें ढकलीत होता. काकू अंथरुणावर असतां त्यानें आम्हांस तें सांगितलें, आणि त्या दिवसापासून मागें कोणासही बसविण्याचें सोडलें.

हा दणका मागें बसणाऱ्यासच अधिक कां बसावा? चालविणारा दोन चाकांच्या मधोमध बसतो, खड्डा त्यास आधीं दिसतो, आणि पायांवर भार घेऊन तो किंचित उचलला जाऊं शकतो. मागचें माणूस जवळजवळ मागच्या चाकावर बसलेलें असतें; विशेषतः एका बाजूस पाय सोडून बसलेल्या बाईस उचलून घेण्यास आधार नसतो. रस्ता आणि तिचा मणका यांच्यामध्यें टायरची हवा, आसनाचा फोम आणि ती मागची स्प्रिंग एवढेंच असतें.

आमची पहिली दुरुस्ती चुकली. ‘स्प्रिंग मऊ पडली आहे, जाड तारेची टाका’ असा सल्ला चार जणांनीं दिला, आणि सात मिलिमीटर तारेच्या जागीं आठ मिलिमीटर तारेची स्प्रिंग बसविली गेली. ‘ठक्’ आवाज थांबला. परंतु एकटा पुतण्या बसला असतां गाडी खडीवरून उड्या मारूं लागली, आणि ओल्या वळणावर मागचें चाक एकदां सरकलें. चाक जमिनीस धरून राहिलें नाहीं, तर ब्रेक आणि टायर दोन्ही व्यर्थ होत. एक अपघात टाळण्यासाठीं आम्हीं दुसऱ्याची तयारी केली होती.

तेव्हां आम्ही शाळेंत शिकलेल्या हूकच्या नियमाकडे वळलों. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं तो प्रसिद्ध केला: जितका ताण, तितकें बल. स्प्रिंगचा कठीणपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. म्हणून सातऐवजीं आठ मिलिमीटर तार घेतली, आणि वेढ्यांची संख्या व रुंदी तीच ठेविली, तर स्प्रिंग आठव्या-दहाव्या हिश्शानें नव्हे, १.७ पट कठीण होते. मिस्त्रीच्या हातांत जो फरक नखाएवढा दिसतो, तो बसणाऱ्याच्या पाठीस एवढा भासतो!

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. जुनी स्प्रिंग ‘मऊ’ झालेली नसते, बहुधा ती आंखूड झालेली असते. पोलादाचा मूळ ताठपणा वापरानें फारसा बदलत नाहीं; परंतु वर्षानुवर्षें मर्यादेबाहेर दबून तार थोडी कायमची बसते. आमच्या काढलेल्या स्प्रिंगा नव्याशेजारीं उभ्या केल्या, तों बारा मिलिमीटर उणें भरलें. त्यामुळें गाडी आधींच खालीं बसलेली असे, आणि खड्ड्यासाठीं जागा उरत नसे. शिवाय स्प्रिंगच्या पोटांतला शॉकॲब्सॉर्बर, ज्याला इकडे ‘शॉकप’ म्हणतात, तेल गाळीत होता. स्प्रिंग दणका झेलते. शॉकपमधील तेल बारीक छिद्रांतून जातांना त्या हालचालीची उष्णता करून टाकतें. तेल गेलें, कीं स्प्रिंग नुसती नाचत राहते. नवी कठीण स्प्रिंग आणि जुना रिकामा शॉकप ही जोडी सर्वांत वाईट.

वाचकांस घरीं करतां येईल अशी परीक्षा पुढीलप्रमाणें आहे. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन मागचें चाक अधांतरीं ठेवावें, आणि आंसापासून सरळ वर आसनाखालच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजावें. मग गाडी जमिनीवर घेऊन नेहमींचीं माणसें बसवावीं, दोघांनीं तिला सरळ धरावें, आणि तेंच अंतर पुन्हां मोजावें. दोन अंतरांतला फरक म्हणजे गाडीचें बसणें. चाकाची एकूण चाल जितकी असेल, तिच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकें तें असावें. आमच्या गाडीची चाल १०५ मिलिमीटर. जुन्या स्प्रिंगांवर दोन माणसें बसल्यावर ती ६५ मिलिमीटर बसे, म्हणजे खड्ड्यास उरत ४०. जाड स्प्रिंगांवर एकटा पुतण्या बसला असतां ती जेमतेम १० बसली. पहिली दुबळी, दुसरी ताठर, दोन्ही निरुपयोगी.

एकत्र कुटुंबाची अडचण येथेंच आहे. एकच गाडी, आणि बसणारे सारखे बदलणारे. त्यासाठीं स्प्रिंगच्या बुडाशीं खांचांचें कडें असतें. आंकड्याच्या पान्यानें तें फिरविलें, कीं स्प्रिंग आधींच थोडी दाबली जाते आणि गाडी वर उचलली जाते. मात्र कडें फिरविल्यानें स्प्रिंग कठीण होत नाहीं, गाडीची उंची तेवढी सांवरते. दुसरा उपाय म्हणजे कांहीं वेढे जवळ आणि कांहीं दूर असलेली स्प्रिंग: थोड्या भाराखालीं ती मऊ चालते, आणि जवळचे वेढे मिटले म्हणजे कठीण होते. पुण्याच्या बजाज ऑटोनें आपल्या कांहीं गाड्यांत एका स्प्रिंगच्या आंत दुसरी बसविली आहे. हें सामान दूरचें नाहीं; चाकणला गॅब्रिएल आणि छत्रपती संभाजीनगरास एन्ड्युरन्स अशा कंपन्या शॉकप आपल्या राज्यांतच बनवितात.

शेवटीं आम्हीं आमच्याच गाडीसाठीं नेमलेली, विरळ-दाट वेढ्यांची स्प्रिंग नव्या शॉकपसकट घेतली. दोन्ही बाजू एकदम बदलल्या. एक नवी आणि एक जुनी ठेविली, तर चाक तिरकें ओढलें जातें. काम करतांना एका वेळीं एकच बाजू सोडावी, म्हणजे चाक खालीं पडत नाहीं. स्प्रिंग शॉकपवरून उतरवावयाची असेल, तर दाबून धरणाऱ्या योग्य यंत्राशिवाय तिला हात लावूं नये. सुटलेली स्प्रिंग हाड मोडूं शकते. स्प्रिंग कापूं नये, तिला वेल्डिंग करूं नये. नट कंपनीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानेंच आंवळावेत. गाडीची उंची बदलली, कीं साखळीचा ढिलेपणा आणि पुढच्या दिव्याचा रोंख पुन्हां पाहावा. आणि एक विसरूं नये: कोणतीही स्प्रिंग तिसऱ्या माणसासाठीं नसते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें चालविणाऱ्यामागें एकासच बसण्याची मुभा आहे, आणि पोलादाचा कायदाही त्याहून सैल नाहीं.

नवें माप असें आलें: पहिल्या खांचेवर एकटा पुतण्या, २६ मिलिमीटर, चौथ्या खांचेवर दोघें, ३८. दुसरा आंकडा किंचित अधिक आहे, पण खड्ड्यासाठीं आतां ४० च्या जागीं ६७ मिलिमीटर उरतात. पडवींतल्या खुंटीवर पुतण्यानें एक पुठ्ठा टांगला आहे. त्यावर घरांतल्या प्रत्येकाचें नांव, वजन आणि खांच लिहिलेली आहे. पोत्याचेंही नांव त्यांत आहे.

काकू लांबच्या वाटेस अजून रिक्षानेंच जातात. डॉक्टरांची तशी आज्ञा आहे. परंतु माघांत, डॉक्टरांना विचारून, त्यांनीं स्वतःच पुतण्यास हांक मारली, “चल, मला देवळापर्यंत सोड.” तो जागचा हलेना. “काकू, तुम्ही रिक्षानें जा,” एवढेंच म्हणाला. त्यांनीं पान्याकडे बोट दाखविलें. “माझी खांच चौथी ना? मग फिरव.” त्यानें कडें फिरविलें, दोन वेळां तपासलें, आणि त्यांना पायीं चालणाऱ्याच्या वेगानें नेऊन आणलें.

घरोघरीं अशा गाड्या आहेत, आणि त्यांच्यामागें घरचीं वडील माणसें बसतात. तीं तक्रार करीत नाहींत. हंसून पोह्यांची गोष्ट काढतात. वाचकांनीं येत्या रविवारीं एक मोजपट्टी घ्यावी, आपल्या गाडीचें बसणें मोजावें, आणि मागून येणारा ‘ठक्’ आवाज बोनसपर्यंत ठेवूं नये, एवढीच आमची विनंती आहे.