खराब रस्ते, मोकळे घाट

भिलाईहून डोंगर दिसत नाहीत. शिवनाथ आणि खारून या दोन नद्यांमधल्या मैदानावर, समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटर उंचीवर, रशियनांच्या मदतीने इथे पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि विदर्भातून आलेल्या कितीतरी मराठी घरांनी सेक्टरांतल्या क्वार्टरांमध्ये संसार थाटले. आमचं घर त्यांतलंच एक. सेक्टरांतले रस्ते सरळ, काटकोनात वळणारे. चढ हवा असेल त्याने शंभरेक किलोमीटर तरी जायची तयारी ठेवावी: दक्षिणेला कांकेरपुढचा केशकाल घाट, उत्तरेला कवर्ध्यापुढचा चिल्पी घाट, आणि त्याही पलीकडे अमरकंटक. गेली चाळीसेक वर्षं मी आणि माझा मितान या दिशांना मोटरसायकलवर जात आलो आहोत. त्या फिरण्याचा हिशेब मांडायला बसलं की एक गोष्ट ठळकपणे समोर येते. रस्ता चांगला असणं आणि रस्ता मोकळा असणं, या दोन गोष्टी आमच्या वाट्याला एकत्र फारशा आल्याच नाहीत.

मितानला मी नावाने हाक मारत नाही. त्याचं गाव गुंडरदेहीकडचं. त्याच्या आजीने जगन्नाथपुरीचा महाप्रसाद एकमेकांना भरवायला लावून आम्हांला मितान केलं, आणि एकदा मितान झाल्यावर नाव घ्यायचं नाही, ‘सीताराम मितान’ म्हणायचं, असा इकडचा रिवाज आहे. तो झोतभट्टीवर, मी रेल मिलमध्ये. दोघांचे ऑफ जुळवून आणणं हेच पहिलं काम. ते जमलं की नाईट शिफ्ट उतरायची, घरी पोहे खायचे आणि निघायचं.

गाडी त्याची होती, येझदी. मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची, दोन सायलेन्सरांची, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली. पेट्रोलमध्ये ऑईल मापून घालायचं. टू-स्ट्रोक इंजिनला वंगण पेट्रोलबरोबरच मिळतं, त्यामुळे लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला की इंजिन कोरडं पडून पिस्टन जाम होण्याची भीती. शिवाय असलं इंजिन गाडीला आवरतही कमीच. सगळा भार ड्रम ब्रेकवर, आणि ब्रेक तापले की ऐन वळणावर त्यांचा जोर ओसरतो. मितान मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल पिळायचा, गाडी कडेला लावून ब्रेक थंड होऊ द्यायचा. घाट चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ राखून ठेवायचा, हा धडा येझदीने दिला. डिकीत जादा प्लग, क्लच वायर आणि पॉलिश पेपर नसेल तर बालोदच्या पुढे जाण्यात अर्थ नव्हता.

बालोदचा रस्ता घ्यायचा कारण तो दल्ली-राजहऱ्याला जातो. आमच्या भट्ट्यांत पडणारं लोहखनिज तिथल्या डोंगरांतून येतं. ट्रक तांबडे, झाडं तांबडी, पावसाळ्यात ओढ्याचं पाणीही तांबडं. भिलाईच्या माणसाला डोंगर म्हणजे आधी खनिज, मग बाकी सगळं. पण राजहऱ्याला आणखीही काही बघायला मिळायचं. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली खाणमजुरांनी १९७७ मध्ये आपली संघटना उभारली आणि १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या श्रमांतून शहीद रुग्णालय सुरू केलं. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे नियोगींची भिलाईत गोळी घालून हत्या झाली. त्यानंतर राजहऱ्यावरून जाताना मितान त्या रुग्णालयासमोर गाडी थांबवल्याशिवाय पुढे गेला नाही.

राजहऱ्याहून भानुप्रतापपूर, तिथून कांकेर, आणि मग केशकाल. इकडचे लोक या घाटाला बारा भांवर म्हणतात. सह्याद्रीतले घाट देशावरून कोकणात उतरतात आणि खाली पोचलं की डोंगर मागे राहतो. केशकाल चढून गेलं की उतारच नाही. वर बस्तरचं पठार पसरलेलं आणि दोन्ही बाजूंना सालाचं जंगल. घाटात तेलिन सती मातेचं देऊळ आहे; ट्रकवाले तिथे हात जोडूनच पुढे जातात. नव्वदच्या दशकात हा रस्ता म्हणजे खड्ड्यांना जोडणारं डांबर होतं. पण कोणी अडवत नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. कोंडागावात घडव्यांच्या अंगणात बसून मेणाच्या धाग्यांवरून ओतलेल्या मूर्ती बघाव्यात, लोहाराने ठोकून काढलेला दिवा विकत घ्यावा, आठवडी बाजारात चिंच आणि लाल मुंग्यांची चापडा चटणी चाखावी, अंधार पडला तर शाळेच्या व्हरांड्यात झोपावं. कांगेर खोऱ्यात तीरथगडचा धबधबा पाहायला जाताना दिवसभरात समोरून येणाऱ्या गाड्या बोटांवर मोजता येत.

उत्तरेचा रस्ता वेगळ्या स्वभावाचा. कवर्ध्याजवळ नागवंशी राजांच्या काळातलं, अकराव्या शतकातलं भोरमदेवाचं मंदिर, आणि त्यानंतर मैकल रांगेत शिरणारा चिल्पी घाट. केशकालची वळणं दाटीवाटीची, चिल्पीची ऐसपैस; पण हिवाळ्यात पहाटे इथली थंडी हातमोज्यांतून आत शिरते. हाच मुलूख बैगांचा, आणि अगरियांचाही. अगरिया म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळणारी जमात. व्हेरियर एल्विन याच डोंगरांत राहिले आणि १९४२ मध्ये त्यांनी अगरियांवर सबंध पुस्तक लिहिलं. डिंडोरीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या अगरियाने आम्हांला परसातली पडकी भट्टी दाखवली. मातीची, कमरेएवढी, पायाने दाबायच्या भात्यांची. त्यांचे देव तीन: लोहासुर, कोयलासुर, अग्यासुर. मितान बराच वेळ भट्टीभोवती फिरला आणि म्हणाला, “आपल्याकडेही हेच तिघं आहेत, फक्त पगारपत्रकावर त्यांची नावं नाहीत.” कोळशासाठी लागणाऱ्या लाकडावर जंगलखात्याची बंधनं आली, भट्ट्यांवर कर बसले, कारखान्याचं स्वस्त लोखंड बाजारात आलं आणि या भट्ट्या विझत गेल्या. आम्ही ज्या कारखान्याची भाकर खातो, त्याच्या जातीच्या कारखान्यांनी विझवलेली चूल आम्ही पाहत होतो.

अमरकंटकला बिलासपूरकडून जाताना पेंड्रा लागतं. जानेवारी १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक याच आडगावातून काढलं. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. भोसल्यांच्या राजवटीमागून इकडे आलेल्या मराठी माणसांविषयी इथल्या मनात सगळंच गोड नाही, आणि असायचं कारणही नाही. सप्र्यांचं नाव मात्र पेंड्र्यात आजही आपुलकीने घेतलं जातं. तिथून चढ लागतो तो हजार मीटरच्या वर, नर्मदेच्या उगमापर्यंत.

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झालं आणि रस्त्यांचं भाग्य पालटलं. खडी पडली, पूल झाले, वळणांवर कठडे आले. पुढे महामार्गांचे क्रमांकही बदलले: आमच्या दारावरून जाणारा ‘सहा’ ‘त्रेपन्न’ झाला, केशकालचा ‘त्रेचाळीस’ आणि चिल्पीचा ‘बारा-अ’ दोन्ही ‘तीस’मध्ये मिळाले. आयडियल जावा १९९६ मध्येच बंद पडली होती. येझदीचे भाग मिळेनासे झाले तेव्हा आम्ही दोघांनी फोर-स्ट्रोक गाड्या घेतल्या. ऑईल मापणं संपलं, उतारावर इंजिन गाडीला धरून ठेवू लागलं.

आणि नेमक्या त्याच काळात दक्षिण हातची निसटली. २००५ मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध गावकऱ्यांनाच उभं करणारं सलवा जुडूम सुरू झालं, गावंच्या गावं छावण्यांत गेली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावकऱ्यांच्या हाती बंदुका देणं घटनाबाह्य ठरवलं. जुलै २००९ मध्ये मानपूरकडे मदनवाड्याला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात राजनांदगावच्या पोलीस अधीक्षकांसह एकोणतीस पोलीस मारले गेले. तो भाग आमच्या घरापासून एका सकाळच्या अंतरावर. २५ मे २०१३ ला झीरम खोऱ्यात काँग्रेस नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला झाला, तोही तीरथगडला जाताना आम्ही चहाला थांबायचो त्याच रस्त्यावर. अनोळखी मोटरसायकल दोन्ही बाजूंना संशयाची वाटू लागली: एकाला खबऱ्या, दुसऱ्याला निरोप्या. घरून परवानगी मिळेना आणि आम्हीही मागेना. गुळगुळीत डांबर कोंडागावच्या पुढे जात होतं. आम्ही जात नव्हतो.

ती वर्षं आम्ही उत्तरेला काढली. सरगुज्यातल्या मैनपाटला गेलो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे तिबेटी निर्वासितांना वसवलं गेलं. पठारावर टाऊ म्हणजे कुट्टूची गुलाबी-पांढरी शेतं, पताका, आणि शेजारी बॉक्साईटच्या खाणी. मितानने पठारावर नजर फिरवली आणि पहिला प्रश्न विचारला तो खनिजात ॲल्युमिना किती, हा. भिलाईची सवय सुटत नाही.

आता चित्र पुन्हा फिरलं आहे. नक्षल चळवळीचा जोर ओसरला, आत खोलवर सुरक्षा दलांचे कॅम्प बसले, त्यांच्यामागोमाग रस्ते गेले. राजहऱ्याचे डोंगर पोकळ होत आले म्हणून भिलाईची नजर आता रावघाटवर आहे. त्यासाठी टाकलेल्या रुळांवरून २०२२ मध्ये प्रवासी गाडी अंतागडला पोचली. सुकम्याकडे पुन्हा जाता येतं. पण केशकालला पोचलो तर चढावर ट्रकांची रांग, दोन ट्रकांच्या मधून वाट काढणारी कॉलेजची पोरं, हेल्मेटवर कॅमेरे. रस्ता चांगला, भीती कमी, आणि तरी मोकळा नाही. रायपूर–विशाखापट्टणम या नव्या सहापदरी मार्गासाठी केशकालजवळच्या डोंगरातून पावणेतीन किलोमीटरहून लांब जुळा बोगदा खणला आहे. बंदराकडची अवजड वाहतूक तिकडून वळली तर जुन्या घाटावरचा भार थोडा उतरेल. मितान म्हणतो, तेव्हा जाऊ. मी त्याच्या गुडघ्यांकडे बघतो आणि हो म्हणतो.

मात्र इतक्या वर्षांत ‘मोकळा’ या शब्दाचं माप आम्ही आमच्या सोयीने धरलं होतं, हे आता कळतं. आम्ही संध्याकाळी परतणारे. मैकलच्या आणि बस्तरच्या काही पाड्यांत आज मोटरसायकलला जोडलेली रुग्णवाहिका बाळंतिणीला दवाखान्यात नेते, कारण चारचाकी तिथवर पोचत नाही. रात्री दोन वाजता ती गाडी कुठल्याही नाक्यावर खोळंबून न राहता, कुणाला न घाबरता निघाली आणि वेळेत पोचली, तर तो रस्ता मोकळा. आमच्यासारख्यांना तिथून डोंगर किती सुंदर दिसतो, हा त्यानंतरचा प्रश्न.