घरातली पहिली हत्यारपेटी

सुरुवातीला मोठा संच घेऊ नका. थोडीच हत्यारे घ्या, पण चांगल्या पोलादाची.

■ स्क्रू ड्रायव्हर : एक चपट्या तोंडाचा, एक फुलीचा. फुलीचा २ नंबर घरातल्या बहुतेक स्क्रूंना चालतो. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. सैल बसले की स्क्रूचे डोके झिजते.

■ टेस्टर : आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये लावून त्याचा दिवा लागतो का ते पाहा, मगच दुरुस्तीच्या जागी लावा. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असे धरून चालू नका. मेन स्विच बंद करूनच काम करा.

■ पक्कड : इन्सुलेशनची मूठ असलेली.

■ स्क्रू पाना : जबडा कमी-जास्त करता येणारा, नळाच्या निरनिराळ्या नटांना एकच पुरतो.

■ हातोडी : अर्ध्या किलोच्या आतली, मागे खिळे उपसायचा पंजा असलेली.

■ टेफ्लॉन टेप : आट्यांचे टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळल्यास नळ पिळताना ती सुटते आणि गळती कायम राहते.

■ शिवाय : ३ किंवा ५ मीटरची मेजरिंग टेप, इन्सुलेशन टेप, कटर, बॅटरी, अर्ध्या इंची नळाचे वॉशर, थोडे खिळे-स्क्रू.

पेटी कोरड्या जागी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. काम झाले की प्रत्येक हत्यार पुसून जागेवर ठेवा. वायरिंग जळल्याचा वास आला, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.