मुंबईचा फुकटचा वसंत

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. मुंबईत तो माघातच लागतो आणि चैत्र सरायच्या आत उकाड्यापुढे हात टेकतो. इंग्रजी महिन्यांत सांगायचे तर फेब्रुवारीची सुरुवात ते एप्रिलचा मध्य. एवढ्या अवधीत शहरात पाहण्याजोगे जे घडते, त्यातल्या बहुतेक गोष्टींना तिकीट नाही. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे किमान भाडे ५ रुपये आणि मे २०२५ मधील वाढीनंतर बेस्टच्या साध्या बसचे १० रुपये. खर्चाचा हिशेब जवळजवळ इथेच संपतो. वेळेचा हिशेब मात्र चोख लागतो. भलत्या तासाला शिवडीला गेलेल्याला नुसता चिखल दिसतो, तिथी न पाहता हाजीअलीला गेलेल्याला नुसते पाणी. या दिवसांत भिंतीवरचे कॅलेंडर पाकिटापेक्षा जास्त कामाला येते.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या दिवसांत इथे भरती दुपारी बाराच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास, तर ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. अष्टमीच्या सुमारास हे चक्र जवळपास उलटे होते आणि पाण्याचा चढउतारही कमी राहतो. कोळी त्याला भांग म्हणतात. एवढे ध्यानात ठेवले की वसंतातले निम्मे कार्यक्रम आपोआप ठरतात.

पहिला कार्यक्रम रोहित पक्ष्यांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा. ठाण्याच्या खाडीत ते साधारण नोव्हेंबर ते मे या काळात असतात. शिवडीच्या दलदलीवर १९९० च्या दशकापासून त्यांचे मोठे थवे दिसू लागले. खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. थव्यांत बहुसंख्य लहान रोहित. त्यांची चोच गडद किरमिजी असते. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. खाताना पक्षी मान खाली घालून चोच उलटी करतो, गाळमिश्रित पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक पट्ट्यांतून गाळून बाहेर टाकतो. मागे उरते ते शैवाल, आणि पिसांचा गुलाबी रंगही त्यातूनच येतो. शहराच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद या शैवालाला पोसतात. म्हणजे शिवडीच्या या देखाव्यात मुंबईच्या नाल्यांचाही वाटा आहे!

भरती पूर्ण भरली की चिखल झाकला जातो आणि थवे नेरुळ-सीवूड्सकडच्या पाणथळींवर जातात. पूर्ण ओहोटीला ते आत दूरवर पांगतात. म्हणून भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास धरावेत. पौर्णिमेला त्यातली दुपारची वेळ अधिक चांगली, कारण शिवडीहून खाडी पूर्वेला आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येते आणि पक्षी काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात, दुपारनंतर सूर्य पाठीशी जातो. हार्बर मार्गावरच्या शिवडी स्थानकातून पूर्वेला उतरून गोदामांच्या रस्त्याने धक्क्यापर्यंत चालत जाता येते. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू याच दलदलीवरून पुढे जातो. दुर्बीण असल्यास उत्तम, नसली तरी अडत नाही.

दुसरा कार्यक्रम ओहोटीचा. उधाणाच्या दिवशी पहाटे गिरगाव किंवा जुहूच्या ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते. नखाएवढा खेकडा बिळातून बाहेर येतो, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले सूक्ष्म अन्न काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतो. बिळापासून निघालेल्या या गोळ्यांच्या रांगा किरणांसारख्या पसरतात. पुढची भरती ते सगळे पुसून टाकते. हाजीअलीच्या खडकांवर दुसरीच वस्ती असते: पाण्याच्या डबक्यांत समुद्रफुले, रिकाम्या शंखांत बिऱ्हाड केलेले खेकडे, आणि चक्क प्रवाळ. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळी येथील काही प्रवाळ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा कुठे अनेक मुंबईकरांना शहरात प्रवाळ असल्याचा पत्ता लागला. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून अशा ठिकाणी किनारफेऱ्या घडवून आणतो. पायात पकड असलेली चप्पल हवी, आणि शंख-शिंपले जागच्या जागी राहू द्यावेत. रिकामा वाटणारा शंख बहुधा कुणाचे तरी घर असतो.

झाडांना भरती-ओहोटीचे बंधन नाही, पण त्यांचीही घाई असतेच. सावर आणि पळस पाने गाळून फुलतात. आरे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचा परिसर त्यासाठी योग्य. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेला गुलाबी टॅबेबुयाची रांग फुलते आणि फोटोंसाठी झुंबड उडते. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. दिसायला देखणे खरेच, पण फुललेल्या सावरीवर मैना, बुलबुल, कावळे आणि पोपट जो गोंधळ घालतात, तो पाहिला की विक्रोळीची रांग शोभेच्या दुकानासारखी वाटते.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत उर्वशी फुलते. ब्रह्मदेशातून आलेल्या या झाडाचे लाल-पिवळे घोस उलटे लोंबतात. प्रवेशशुल्क २०१७ मध्ये ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले, त्यामुळे बाग आता स्वस्त म्हणावी, फुकट नव्हे. बुधवारी ती बंद असते. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा १९६५ पासून इथेच आहे. ज्याच्यावरून काळा घोडा परिसराला नाव पडले, तो हाच. मूळ जागी २०१७ मध्ये आला तो स्वाराविना घोडा. त्याच परिसरात १९९९ पासून फेब्रुवारीच्या आसपास नऊ दिवसांचा कला महोत्सव भरतो. प्रवेश विनामूल्य, आणि शनिवार-रविवारी गर्दी इतकी की चित्रांऐवजी माणसांच्या पाठीच पाहाव्या लागतात. मधल्या वारी दुपारी जाणे शहाणपणाचे. जवळच्या जहांगीर कलादालनात तर वर्षभर प्रवेश मोफत आहे.

फाल्गुन पौर्णिमेला कोळीवाड्यांत शिमगा. होड्यांची पूजा होते, नाच-गाणी रंगतात; पाहुण्याने फोटो काढण्याआधी विचारावे, एवढाच शिष्टाचार. पंधरवड्याने पाडवा. नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा १९९० च्या दशकाच्या अखेरीस डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने रुजली आणि ठाणे, गिरगाव, पार्ले अशी पसरली. गिरगावात नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या स्त्रिया आणि ढोल-ताशांची पथके पाहायची तर सकाळी लवकर पोहोचावे. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला वाहतूककोंडी येते.

याच सुमारास क्रॉफर्ड मार्केटात हापूसच्या पेट्या येऊ लागतात. मार्चमधला भाव सामान्य घराला परवडणारा नसतो, पण वास घ्यायला कुणी पैसे मागत नाही.

या सगळ्यावर मर्यादा घालतो तो उन्हाचा तडाखा. मार्चमध्ये काही दिवस जमिनीवरून पूर्वेचे कोरडे वारे वाहतात, त्यामुळे समुद्रावरून येणारा वारा उशिरा सुरू होतो आणि तोवर पारा झपाट्याने चढतो. २८ मार्च १९५६ रोजी सांताक्रूझला ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. असे दिवस वगळता सकाळी दहापर्यंतचा आणि संध्याकाळी पाचनंतरचा वेळ फिरण्यास बरा असतो. एप्रिलच्या मध्यापासून बहावा आणि ताम्हण फुलू लागतात, पण त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा.