मूर्तीची किंमत किती?

दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी पुष्कळांनी माती-दगडांचा किल्ला केला असेल. तट, बुरूज, पायऱ्या झाल्या की शेवटी मावळे मांडायचे आणि हळीव पेरून हिरवळ आणायची. मावळे नसले म्हणून तट काही ढासळत नाही. तरीही पाहणारे 'वा!' म्हणतात ते या सजावटीलाच. मग सजावटीने मोल वाढते, ते नेमके किती?

संगणकावरील एका खेळाने या प्रश्नाचे उत्तर चक्क गणिताने दिले आहे. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' हे त्याचे नाव. टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांनी २००६ साली तो प्रथम लोकांपुढे आणला. त्यात बुटक्या माणसांची टोळी डोंगराच्या पोटात किल्ला खोदते. प्रत्येक खोलीचे मोल मोजले जाते, आणि हलकी खोली मिळाली की सरदार मंडळी रुसतात! मोल वाढवायचे तर भिंती घासून गुळगुळीत करायच्या, त्यांवर कोरीव काम करायचे, किंवा खोलीत मूर्ती ठेवायची.

मूर्तीचे मोल असे काढतात: मूळ किंमत २५, तिला गुणिले पदार्थाचा अंक, गुणिले कारागिरीचा अंक. साध्या दगडाचा अंक १, चांदीचा १०, सोन्याचा ३०. साध्या कामाचा अंक १, तर सर्वोत्कृष्ट कामाचा १२. आता आपण हिशेब करून पाहू.

चांदी, साधे काम: २५ × १० × १ = २५०
दगड, सर्वोत्कृष्ट काम: २५ × १ × १२ = ३००
सोने, सर्वोत्कृष्ट काम: २५ × ३० × १२ = ९०००

पाहिलेत? कसबी हातातला दगड नवशिक्याच्या चांदीला मागे टाकतो. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, ही त्यातली खरी गोम.

मात्र खोलीचे मोल काढताना खेळ नुसती बेरीज करतो. म्हणजे १२ सुमार मूर्तींचे मोल एका उत्कृष्ट मूर्तीइतकेच! तुमच्या मनाला हे पटते का? आपल्या संवेदना अशा चालत नाहीत. अंधाऱ्या खोलीत पहिला दिवा लावला की लख्ख वाटते. दहा दिवे जळत असता अकरावा लावला, तर फरक जेमतेम जाणवतो. फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञाने १८६० साली हा नियम मांडला: उद्दीपन पटीने वाढते, तेव्हा संवेदना पायरीपायरीने वाढते. बाराव्या मूर्तीचेही तसेच होत असावे.

डोंगर खोदून खोल्या सजवण्याचे खरे उदाहरण आपल्या वाशीमशी जोडलेले आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तेथील राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे करवले. तसा शिलालेखच तेथे आहे. खडक कोणता? आपल्याकडे सर्वत्र आढळणारा काळा बेसॉल्ट. खेळाच्या भाषेत पदार्थाचा अंक १! वर मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात आणि मग रंग. सारे मोल वाढले ते हातांच्या कसबाने.

पण गुणाकाराला एक भय असते: एक अंक शून्य झाला की सारे शून्य. १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात चित्रावरच आपले नाव कोरले. तो ओरखडा आजही तेथे आहे. खेळात उत्कृष्ट कृती नष्ट झाली की तिचा कारागीर दुःखी होतो. अजिंठ्याचे कारागीर आता नाहीत. जपणूक आपल्याकडे आहे. तेव्हा सहलीला जाल, तेव्हा खिळा आणि खडू खिशातच राहू द्या.

आता एक प्रयोग. वर्गात एकच चित्र लावा आणि प्रत्येकाला खोलीस १० पैकी गुण द्यायला सांगा. मग दोन, चार, आठ चित्रे लावून पुन्हा गुण घ्या. सरासरीचा आलेख काढा. रेषा सरळ येते की वाकते, ते तुम्हीच पाहा!